कापडी फलक (घरगुती)

कापडी फलक : छायाचित्रे, चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, विजेची बिले असे घरातले सुटे कागद डोळ्यांसमोर राहावेत म्हणून भिंतीवर लावलेला, कापडाने मढवलेला तक्ता. याचे दोन प्रकार आहेत. एक टाचणीचा : शाळा-कचेऱ्यांत आणि सोसायटीच्या जिन्याखाली तो हिरवे कापड लावून, काचेच्या कुलूपबंद दारामागे असतो. दुसरा फितीचा : मढवलेल्या तक्त्यावर तिरप्या फिती ताणून बसवतात आणि कागद त्यांच्याखाली खोचतात. फोटोला भोक पडत नाही, हा याचा मोठा गुण. घरी केला जातो तो बहुधा हाच.

फितीखाली कागद खोचण्याची रीत जुनी आहे. सतराव्या शतकातील कॉर्नेलिस गेइसब्रेख्त्स व एडवार्ट कोलियर या चित्रकारांनी तक्त्यावर ठोकलेल्या पट्ट्या आणि त्यांत अडकवलेली पत्रे हुबेहूब रंगवली. अमेरिकेत विल्यम हार्नेटचे याच विषयावरचे चित्र १८७९ सालचे आहे. या तक्त्यांवर गादी नव्हती. युक्ती मात्र तीच. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांतला फ्लॅनेल फलक हा वेगळा भाऊबंद : चित्राच्या पाठीला काचकागदाचा तुकडा चिकटवला की ते कापडाच्या लवेवर धरून राहते.

साहित्य : तक्त्यासाठी सॉफ्ट बोर्ड किंवा पातळ प्लाय. सॉफ्ट बोर्डात टाचणी सहज जाते, पण मागे मारलेल्या पिना घट्ट बसत नाहीत, म्हणून त्याला मागून लाकडी पट्ट्यांची चौकट द्यावी. वर फोमचा पातळ थर किंवा घडी केलेले जुने ब्लँकेट. कापड घट्ट विणीचे हवे. गुळेदगुड्डचा खण दिसायला देखणा आणि ताणाला पक्का. मात्र त्याचा पन्हा आधी मोजून घ्यावा. वापरून मऊ झालेली सुती साडी गोधडीला उत्तम, इथे वाईट : पिनेपाशी विरते. आठवणीखातर तीच लावायची असेल, तर खाली मांजरपाट द्यावा. नवे सुती कापड धुऊन, इस्त्री करूनच घ्यावे. चौकड्याचे कापड पहिल्या खेपेला टाळावे. बोटभर तिरके गेले तरी ते दारातून दिसते.

कृती : खरा निर्णय फितींच्या अंतराचा, आणि तो आधी हाताशी असलेले फोटो मोजून घ्यावा. ६० × ४५ सेंमी. तक्त्याच्या कडांवर दर १५ सेंमी.वर खूण केली, तर दोन्ही दिशांना सहा-सहा फिती बसतात आणि प्रत्येक शंकरपाळ्याची बाजू सुमारे १०.६ सेंमी. येते. दर्शनी फीत पाच मीटरच्या थोडी वर. टोके मागे वळवायला प्रत्येकी ५ सेंमी. धरून साडेसहा मीटर आणावी. छेदबिंदू १८, तेवढीच बटणे. या जाळीत १० × १५ सेंमी.चा नेहमीचा फोटो छान अडकतो, पण ३.५ × ४.५ सेंमी.चा पासपोर्ट फोटो मधल्या मोकळ्या जागेत मावतो आणि घसरतो. त्याच्यासाठी अंतर निम्मे केले, तर फीत दुप्पट लागते आणि बटणे १८ वरून ८३ वर जातात. त्यापेक्षा पासपोर्ट फोटो पाकिटात राहिलेले बरे.

कापड चारही बाजूंना साताठ सेंमी. जास्त घ्यावे. ते पालथे पसरून त्यावर फोम, मग तक्ता ठेवावा. स्टेपल गनची पहिली पिन एका बाजूच्या मधोमध, दुसरी तिच्या समोरच्या बाजूला. मग उरलेल्या दोन बाजू, आणि तिथून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली, तर कापड उरेब ओढले जाऊन लाटा पडतात, आणि त्या नंतर कितीही खेचले तरी जात नाहीत. गन नसेल तर बारीक चुका चालतात. फिती आधी एका दिशेच्या सगळ्या, मग दुसऱ्या. ताण असा हवा की बोट खाली सरकेल, पण जरा अडखळेल. छेदांवरची बटणे मॅचिंग सेंटरमध्ये त्याच कापडाने मढवून मिळतात. सॉफ्ट बोर्डातून दोरा ओवायला दाभण पुरते. प्लायला भोके पाडावी लागतात, आणि ती कापड चढवण्याआधीच.

निगा : पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून फलक दूर ठेवावा, कापडाला बुरशी आणि तक्त्याला वाळवी लागते. टांगताना मागे दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बूच चिकटवले, तर हवा खेळते. उन्हासमोरचा फलक वर्ष-दोन वर्षांत विटतो, पण सारखा नाही : फोटो काढला की त्याच्याखाली मूळ रंगाचा चौकोन निघतो. तिथे त्याच मापाचा दुसरा फोटो लावतात.