टकळी, पेटीचरखा, धनुकली : माळ्यावरची ही अवजारं कशासाठी होती?

सतत बोलणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, "याची टकळी चालूच असते." शब्द रोजच्या वापरातला, पण टकळी ही वस्तू हातात घेतलेले लोक आता कमी राहिलेत. जुनं घर उतरवताना माळ्यावरून एखादी बारीक लोखंडी काडी खाली येते, तिला खालच्या बाजूला पितळी चकती असते आणि वरच्या टोकाला छोटा आकडा. घरातली तरुण मंडळी फोटो काढून ग्रुपवर टाकतात : "हे काय आहे?" उत्तरं येतात भोवरा, वजनकाट्याचा भाग, चकलीच्या साच्याचा दांडा. ती असते टकळी, म्हणजे सूत कातायचं सगळ्यात साधं अवजार.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात, नीरा नदीच्या काठी आणि पुणे-सातारा महामार्गावर शिरवळ आहे. इथल्यासारख्या महामार्गालगतच्या गावांत जुनी घरं पाडून इमारती होताना अशा वस्तू थेट भंगारवाल्याच्या गाडीवर जातात. आणि नेमका हाच पट्टा घरगुती सूतकताईच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. उत्तरेला सुमारे 50 किलोमीटरवर पुणे आणि येरवडा, जिथे पेटीचरखा घडला. दक्षिणेला औंध आणि किर्लोस्करवाडी, जिथे चरखा सुधारण्याची खटपट झाली. त्याच खंडाळा तालुक्यात लोणंद, जिथल्या मेंढ्यांची लोकर घोंगड्यांसाठी कातली जायची.

एका नऊवारीला किती सूत?

या सगळ्या अवजारांमागे एकच अडचण होती : सूत तयार व्हायला लागणारा वेळ. विणकाम त्या मानाने भरभर होतं. एका मागाला पुरेल एवढं सूत द्यायला कातणारे अनेक हात लागतात.

साधा हिशेब करून पाहू. जाडंभरडं, इंचाला उभे 40 आणि आडवे 40 धागे असलेलं, 45 इंच पन्ह्याचं नऊ वार लुगडं घ्या. (वार म्हणजे यार्डच.) उभे धागे झाले 1,800, प्रत्येक नऊ वारांचा, म्हणजे 16,200 वार. आडव्या धाग्यांचा हिशेबही तेवढाच येतो. एकूण 32,400 वार, म्हणजे जवळजवळ 30 किलोमीटर सूत. शिरवळहून पुण्याच्या निम्म्याहून जास्त वाटेपर्यंत ताणता येईल एवढं! टकळीवर तासाला साधारण दीडशे वार धरले तर 216 तास. चरख्यावर चांगल्या हाताला तासाला साडेतीनशे वार जमले तरी 92 तास. यात सरकी काढणं, कापूस पिंजणं, पेळू वळणं आणि विणणं धरलेलंच नाही.

हे तास बहुतांश बायकांचे होते, घरची कामं उरकल्यावरचे.

टकळी चालते कशी?

पिंजलेल्या कापसाची बोटभर जाडीची सैलसर वळी करतात, तिला पेळू म्हणतात. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने टकळीला गिरकी द्यायची. चकतीच्या वजनामुळे ती फिरत राहते, वरच्या आकड्यातून धाग्याला पीळ बसत जातो आणि पेळूतून तंतू सुटत जातात. हातभर धागा झाला की तो काडीवर गुंडाळायचा आणि पुन्हा गिरकी. बस्स. ना लाकूडकाम, ना सुतार, ना बसायला खास जागा.

म्हणूनच टकळी सगळीकडे शिरली. जानव्याचं सूत तिच्यावर काततात. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात प्राथमिक शाळांमध्ये सूतकताईचा तास असायचा, त्यात मुलांच्या हाती टकळीच असे. तुमच्या माळ्यावरची टकळी पणजीची असेल असं आपण धरून चालतो, पण ती आजोबांच्या दप्तरातलीही असू शकते.

चरख्यात टकळीचंच काम आडवं केलेलं असतं. काडीच्या जागी आडवी चाती, बोटांच्या जागी चाक, आणि दोघांना जोडणारी दोऱ्याची माळ. मोठं चाक एकदा फिरलं की बारीक चाती अनेकदा फिरते. अडचण आकाराची. उभ्या चाकाचा चरखा प्रवासात नेता येत नाही आणि लहान घरात कायमचा मांडूनही ठेवता येत नाही.

बेळगाव ते येरवडा

चरखा हा राजकारणाचा भाग झाल्यावर ही अडचण आणखी जाणवू लागली. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. तिथे सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात ठरली : महिन्याला 2,000 वार. स्वतः कातलं नाही तर दुसऱ्याकडून कातून आणलेलं चालणार होतं. ही अट फार टिकली नाही. 1925 मध्येच चार आणे किंवा सूत असा पर्याय आला. पण शहरातल्या वकील-मास्तरांनाही चरखा घरात ठेवणं भाग पडलं, तो याच काळात.

1930 मध्ये येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी चरख्याची मांडणी बदलण्याचं काम हाती घेतलं आणि त्यातून येरवडा चक्र म्हणजेच पेटीचरखा आला. उभं चाक आडवं पडलं, एका मोठ्या चाकाऐवजी लहान-मोठी दोन चाकं आली. हाताने फिरवायचं चाक दुसऱ्याला फिरवतं आणि दुसरं चातीला, त्यामुळे लहान जागेतही चातीला वेग मिळतो. काम झालं की सगळं पेटीत बसतं आणि पेटी काखेत मारून नेता येते. माळ्यावर सापडणारी, उघडल्यावर आत दोन लाकडी चाकं असलेली चपटी पेटी ती हीच.

लाख रुपयांचं बक्षीस

पेटीचरख्याने जागा वाचली, पण वेळेचं कोडं सुटलं नाही. ते सोडवायला अखिल भारत चरखा संघाने 1929 मध्ये एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं हवं, झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारं हवं. किंमत 150 रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकलं पाहिजे. आठ तासांत 16,000 वार सूत निघालं पाहिजे, आणि ते आठ तास सलग काम करताना बाईला फार थकवा येता कामा नये.

16,000 वार म्हणजे साध्या चरख्याच्या पाच-सहा पट. वरचं लुगडं 11-12 दिवसांऐवजी दोन दिवसांच्या कातण्यात. एवढा वेग आणि टिकाऊपणा 150 रुपयांत मागणं म्हणजे जवळपास अशक्यच, हे आज सहज लक्षात येतं.

तरी प्रयत्न झाले. त्यातला एक चरखा सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत तयार झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर वसवलेलं हे कारखान्याचं गाव. लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनवणाऱ्या या गावाने चरख्यातही हात घातला. बक्षीस मात्र शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही.

दुसरा प्रयत्न उलट्या दिशेचा होता. मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद हे पोलंडचे अभियंते. औंध संस्थानात 1939 साली गावांच्या हाती कारभार देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. (मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत नेणारे तेच.) त्यांनी यंत्र मोठं करण्याऐवजी टकळीच घेतली, ती आडवी बसवली आणि धनुष्यासारख्या काठीच्या दोरीने किंवा पट्टीने फिरवली. ही धनुष तकली. चाकच नसल्यामुळे ती गावात, जवळपास फुकटात बनवता येई. सुताराचा खर्च आणि लाकूड वाचवणारी ही कल्पना खरंतर जास्त हुशारीची म्हणायला हवी, पण माळ्यांवर ती क्वचितच ओळखू येते. उरतात फक्त एक काठी आणि एक सळई, आणि ती सरपणात जाते.

पुढे 1950 च्या दशकात तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांचा अनेक चात्यांचा अंबर चरखा आला. तोवर गिरणीचं स्वस्त सूत खेड्यापाड्यांत पोहोचलं होतं.

लोकरीची बाजू

कापसाच्या चरख्याला निदान राष्ट्रीय मान मिळाला. लोकरीच्या अवजारांच्या वाट्याला तेही आलं नाही. लोणंदी हा दख्खनी मेंढीचाच एक स्थानिक प्रकार, लोणंदच्या नावाने ओळखला जाणारा. तिची लोकर राठ असते, अंगावर टोचते, पण घोंगडीला तीच लागते. कातरीने लोकर उतरवायची, धनुकलीच्या तातीने पिंजून मोकळी करायची, चरख्यावर कातायची, मग खड्ड्याच्या मागावर सणगर किंवा खुटेकर धनगर विणकर ती विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावायची, म्हणून नवी घोंगडी कडक लागते. तुमच्याकडे एखादं मोठं, तात तुटलेलं लाकडी धनुष्य असेल तर ते शिकारीचं समजू नका. ती बहुधा धनुकली आहे.

सजावटीच्या अवजारांचं, म्हणजे गोधडीची सुई, अंगुस्तान, रुखवतासाठी विणकाम करायची क्रोशाची सुई यांचं तसं नाही. त्यांना दोरा बाजारातून मिळाला, त्यामुळे ती आजही वापरात टिकून आहेत.

विकायचं की ठेवायचं?

2013 मध्ये गांधीजींनी येरवड्यात वापरलेला एक चरखा इंग्लंडच्या लिलावात 1 लाख 10 हजार पौंडांना गेला. त्यानंतर प्रत्येक पेटीचरखा लाखमोलाचा असल्याच्या पोस्ट फिरत राहतात. तो भाव लाकडाचा नव्हता. गांधीजींनी तो फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला दिला होता, हा माग दाखवता येत होता. पेटीचरखे हजारोंनी बनले, आजही बनतात. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू पुरावस्तू ठरायला किमान 100 वर्षांची असावी लागते. 1930 साली घडलेला पेटीचरखासुद्धा अजून तिथे पोहोचलेला नाही. "अँटिक" लिहून विकणाऱ्याला हे विचारून पाहा.

ठेवायचा असेल तर पितळ घासून चकचकीत करू नका आणि लाकडाला वॉर्निश लावू नका. हातांनी झिजलेल्या जागा त्यामुळे पुसल्या जातात. पेटीखाली बारीक भुसा पडत असेल तर कीड लागलीय, ती पेटी इतर लाकडी सामानापासून लगेच वेगळी करा. चाती वाकली असेल तर घरी ठोकू नका. कुणी, कुठल्या गावात, काय कातलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहा आणि तो कागद पेटीतच ठेवा. तुलना करायची असेल तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, जे 1938 मध्ये सुरू झालं, वेगवेगळ्या घडणीचे चरखे एकाच छताखाली पाहता येतात.