शिक्षकाविना भाषाध्ययन : विनोबांचा वेल्लोर येथील अभ्यास

शिक्षकाविना विद्या संपादन करणाऱ्याची खरी अडचण ग्रंथांच्या अभावाची नसते. आपली चूक आपणांस कोण दाखविणार, ही ती अडचण होय. वर्धा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

विनोबा भावे यांनी १९१६ मध्ये इंटरमिजिएटच्या परीक्षेकडे पाठ फिरविली. गुरूचे मोल त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. १९१७ मध्ये वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ त्यांनी वेदान्ताचे अध्ययन केले होते. १९२१ मध्ये ते वर्ध्यास आले, आणि १९३८ पासून धाम नदीकाठचे पवनार हे त्यांचे निवासस्थान झाले. १९४२ च्या आंदोलनात अटक झाल्यावर काही काळ त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे वर्ग नव्हता, अभ्यासक्रम नव्हता. तरी त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदमच आरंभिला.

वरवर पाहता हा अट्टाहास वाटेल. परंतु या भाषा एकाच कुळातील आहेत, हे रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्येच सप्रमाण मांडले होते. 'तीन' या अर्थी तमिळमध्ये मून्ऱु, मल्याळममध्ये मून्नु, कन्नडमध्ये मूरु व तेलुगूत मूडु हे शब्द आहेत. ही रूपे शेजारी ठेवली की त्यांतील नियमितता दिसू लागते, आणि एका भाषेतील चुकीची शंका दुसरीवरून येऊ शकते. शिक्षकाचे काही काम अशा रीतीने तुलनाच करते.

सगळे मात्र करीत नाही. तमिळ लिपीत 'क' व 'ग' यांसाठी एकच अक्षर आहे. शब्दारंभी त्याचा उच्चार सामान्यतः 'क' व अनुनासिकानंतर 'ग' होतो. दोन स्वरांमध्ये तो आणखी मृदू होतो. छापील पान हा भेद दाखवीत नाही. तो कानानेच घ्यावा लागतो. वेल्लोरला त्या भाषा बोलणारे सहबंदी भोवती होते, ही गोष्ट म्हणूनच गौण नव्हे.

तात्पर्य, शिक्षकाविना शिकणे म्हणजे माणसाविना शिकणे नव्हे. याच जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावी कोणी तमिळ शिकू म्हणेल, तर व्याकरण त्याला ग्रंथातून मिळेल, रूपांची पारख कन्नडाच्या तुलनेतून होईल. उच्चारासाठी मात्र त्याला तमिळ भाषकाचा आवाज, निदान ध्वनिमुद्रित तरी, गाठावा लागेल.