उघड्या टपाचा इतिहास

मोटारीचं कौतुक करण्याच्या आपल्याकडे दोनच रीती आहेत. मोटार आपली असेल तर तिच्यावर फडकं मारायचं आणि दुसऱ्याची असेल तर "ॲव्हरेज किती देते हो?" असं विचारायचं. या प्रश्नाला जगात एकच जात भीक घालत नाही. ती म्हणजे अमेरिकेतली मसल कार. मराठीत सांगायचं तर दंडातली बेटकुळी दाखवत उभी राहिलेली गाडी. तिला ॲव्हरेज विचारणं म्हणजे पैलवानाला "दुधात जरा काटकसर करता येईल का?" असं विचारणं.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणून १९६४ सालच्या पाँटिॲक जीटीओचं नाव घेतात. कृती अगदी सोपी. मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन कोंबायचं. दोन खोल्यांत अख्खं एकत्र कुटुंब बसवणाऱ्या आम्हा बदलापूरकरांना यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पण पुढे हे कोंबणं वाढत गेलं, आणि १९७१ साली प्लिमथ कंपनीने 'हेमी कूडा' नावाची उघड्या टपाची गाडी काढली. सात लिटरचं इंजिन, ताकद ४२५ घोड्यांची. निघाल्या किती? अवघ्या अकरा! त्यातली एक २०१४ साली सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. आपली प्रीमियर पद्मिनी बिचारी चाळीस घोड्यांची. दहा पद्मिनी एकापुढे एक जुंपल्या तरी पंचवीस घोडे कमीच पडणार.

घोड्यांचा विषय निघाला की बदलापूरकराला गप्प बसवत नाही. शिवकाळात दौडीवरची मंडळी इथे थकले घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर, असं गावात सांगतात. व्युत्पत्तीवाले काय म्हणायचं ते म्हणोत, आम्ही ही कथा सोडणार नाही. आता आम्ही इथे फक्त लोकलचे डबे बदलतो.

पण कूडाच्या माहेरचं नाव मुंबईला मुळीच परकं नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ सालीच शिवडीला कारखाना थाटला होता. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि शिवडीहून मोटार होऊन बाहेर पडायचे. १९४७ साली वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडायला घेतल्या. म्हणजे कूडाची थोरली आत्या कुर्ल्याचीच! पुढे १९५३ साली सरकारने ठरवलं की नुसती जोडणी नको, इथे मोटारी बनवणार असाल तरच राहा. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, प्रीमियरने फियाटशी घरोबा केला. त्यामुळे अमेरिका बेटकुळ्या फुगवत होती तेव्हा आपण फियाटचा नंबर लागण्याची वाट पाहत होतो. इथे उरलेल्या थोराड अमेरिकन गाड्यांपैकी कित्येकींच्या पोटात, पेट्रोल परवडेना म्हणून, डिझेलचं इंजिन बसलं. पैलवानाला पेज!

मग त्या हडकलेल्या गाड्यांचा कुणी जीर्णोद्धार केला की तो पाहायला आम्ही पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतो. बदलापूर ते मुंबई अडुसष्ट किलोमीटर. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात आम्हाला साठच्या दशकातली उघड्या टपाची तांबडी शेवरोले भेटली. काय तिची लांबी! पुढचा दिवा बघून मागच्या दिव्याकडे जाईपर्यंत चहा गार व्हावा. क्रोममध्ये आमचा चेहरासुद्धा बरा दिसला. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "पावसात काय करतात हो?"

प्रश्न उल्हास नदीकाठच्या बाईला शोभणाराच होता. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारभर माणसं होड्यांतून काढावी लागली. तिला तर चांगला पोलादी टप होता! आणि उघड्या टपाचं म्हणाल तर अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख आहे तिथे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं आणि मान वर करावी, तर थेट आभाळ. शिखर पुरं नाही म्हणून देवळाची किंमत कुणी कमी केली नाही, आणि देवानेही छत्री मागितली नाही.

गाडीचे मालक वयस्कर गृहस्थ होते. आम्ही विचारलं, "काका, यातलं मूळचं किती?" ते म्हणाले, "सांगाडा, इंजिन आणि दारं मूळची. रबर, गाद्या नव्या. टपाचं कापड उल्हासनगरात शिवलंय." शेजारी उभा असलेला एक तरुण फिसकन हसला, "म्हणजे मेड इन यूएसए! उल्हासनगर सिंधी असोसिएशन!" काका हसले नाहीत. म्हणाले, "तीन ठिकाणी नाही म्हणाले. त्यांनी जुनं फाटकं कापड उसवून त्यावरून बेतलं."

अमेरिकेत या बाबतीत भारी सोवळं असतं. इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळला पाहिजे, नाहीतर किंमत घसरते. साध्या गाडीत मोठं इंजिन घालून दुर्मीळ म्हणून खपवणारेही तिथे आहेत. म्हणजे नक्कल काही फक्त उल्हासनगरातच होते असं नाही.

आणि उल्हासनगरचा स्वतःचा नंबर कुठे जुळतो? दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर त्या बराकींत लाखाच्या घरात सिंधी माणसं आणून उतरवली. घरदार, दुकान, शेत, सगळे मूळ भाग सिंधमध्ये राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी वसाहतीची कोनशिला बसवली आणि नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. मग या लोकांनी मिळेल त्या भागांतून गाव जोडलं. पापड लाटले, कापड विकलं, पुढे अख्ख्या मुलखाला जीन्स पुरवल्या. आपण स्वस्तात माल घेतला आणि वर 'यूएसए' म्हणून हसलो.

पण त्यांनी मूळ नंबर खरवडून टाकला नाही. अजूनही पत्ता सांगताना तिथला माणूस कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असंच सांगतो. काय मोडलं होतं आणि कुठून जोडलं, हे पत्त्यातच लिहिलेलं असतं. जीर्णोद्धार यापेक्षा प्रामाणिक कुठला असायचा?

आणि ॲव्हरेजचं विचाराल, तर रिकाम्या टाकीवर निघून पाऊणशे वर्षं चाललेली दुसरी गाडी निदान आमच्या तरी पाहण्यात नाही.