पृथ्वीचे वकीलपत्र

सुट्टीत नात आली होती. रात्री तिने एक इंग्रजी सिनेमा लावला. निरनिराळ्या ग्रहांचा एक संघ, त्यांची मोठी सभा भरलेली, आणि पृथ्वीतर्फे एक गृहस्थ उठून भाषण करताहेत. मी शेजारी उद्याची गवार मोडत बसले होते. मध्येच ती म्हणाली, "आजी, खरंच असं झालं तर आपल्याकडून कोण बोलणार गं?"

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे मला आधी आठवले ते आपले वकील. कोर्टातले नव्हेत हं! पेशवाईत परक्या दरबारी राहणाऱ्या आपल्या माणसाला वकील म्हणत. दिल्लीत हिंगणे घराण्याने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. बादशहाच्या मनात काय आहे, कोणता सरदार कुणाकडे झुकतोय, ते पत्रांतून पुण्याला कळवायचे. पण वकील कितीही हुशार असो, त्याच्या शब्दाला वजन यायचे ते मागे पुणे उभे असल्यामुळे. मग पृथ्वीच्या वकिलाला वकीलपत्र द्यायचे कोणी? पृथ्वीचे पुणे कुठे आहे?

गंमत म्हणजे हा प्रश्न फक्त सिनेमातला नाही. १९६७ साली झालेल्या बाह्य अवकाश कराराच्या पाचव्या कलमात अंतराळवीरांना मानवजातीचे दूत म्हटले आहे. तेव्हा आपले राकेश शर्मा १९८४ साली वर गेले ते भारताचे म्हणून, आणि कागदोपत्री तुमचे-माझे, साऱ्या जगाचेच दूत म्हणून. १९८९ साली शास्त्रज्ञांनी आणखी एक नियमावली केली. परग्रहावरून संदेश आलाच, तर जगाशी सल्लामसलत केल्याशिवाय कुणी परस्पर उत्तर देऊ नये, असे त्यात आहे. २०१० साली तर वर्तमानपत्रांनी थेट नेमणूकच जाहीर केली! संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक कार्यालयाच्या प्रमुख, मलेशियाच्या मझलान ओथमान या पृथ्वीच्या राजदूत होणार म्हणून. त्या बाईंनीच तसे काही नाही म्हणून सांगितले. जागा अजून रिकामीच आहे, मंडळी.

पण वकील नेमला नाही तरी आपला खलिता मात्र केव्हाच रवाना झाला आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यात चित्रे, आवाज, संगीत आणि ५५ भाषांतले नमस्कार भरले. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांचा लेखी संदेशही आहे. आणि संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्त वाल्डहाइम यांचे छोटे भाषण आहे. आपल्या १४७ सभासद राष्ट्रांचा हवाला देऊन त्यांनी पृथ्वीवासीयांच्या वतीने शांततेच्या गोष्टी केल्या. वकीलपत्र म्हणाल तर याहून मोठे कुणाकडे होते?

पुढे १९८६ साली हे गृहस्थ ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा उजेडात आले, की दुसऱ्या महायुद्धात ते जर्मन सैन्याचे अधिकारी म्हणून बाल्कन भागात होते, आणि ती वर्षे त्यांनी लपवली होती. इतिहासकारांच्या समितीला त्यांच्या हातून प्रत्यक्ष युद्धगुन्हा घडल्याचा पुरावा मिळाला नाही. पण भोवती काय चालले होते ते त्यांना ठाऊक होते, असा निष्कर्ष निघाला. १९८७ साली अमेरिकेने त्यांना प्रवेशबंदी केली. ज्या देशाच्या यानात त्यांचा आवाज, त्याच देशाचे दार त्यांना बंद! तबकडी मात्र परत बोलावता येत नाही.

त्याच तबकडीवर केसरबाई केरकर आहेत. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. व्हॉयेजर-१ सुटले ५ सप्टेंबरला, आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. भैरवीने मैफल संपते, इथे तिने प्रवास सुरू झाला.

आणि आपली मराठीही आहे बरं का! या पृथ्वीवरचे लोक तुम्हाला सदिच्छा पाठवतात, अशा अर्थाची दोन वाक्ये, एका बाईंच्या साध्या घरगुती आवाजात. त्यात ना देशाचे नाव, ना पदाचा उल्लेख.

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवली. शाळेत तपासणीला साहेब येत. स्वागताचे भाषण मी दरवर्षी एकाच मुलाला देई. वाणी स्वच्छ, पाठांतर चोख. वर्गात एक मुलगी होती, इतिहासात त्याच्यापेक्षा तरबेज. पण 'पानी', 'लोनी' म्हणायची, म्हणून तिला मी कधी पुढे केले नाही. एके वर्षी त्या मुलाला गोवर आला. दुसरे कुणी तयार नव्हते म्हणून ती उभी राहिली. माझे भाषण तिला पाठ नव्हतेच. तिने गावाच्या बारवेबद्दल सांगितले. कुणी बांधली, दुष्काळात कुणाकुणाला तिने पाणी दिले. साहेब तपासणी बाजूला ठेवून बारव पाहायला गेले. सगळे तिचे कौतुक करत होते, आणि मी मात्र तिच्याकडे सरळ पाहू शकत नव्हते. गावातर्फे कोण बोलणार हे इतकी वर्षे मी ठरवत होते, आणि ते वकीलपत्र मला तरी कुणी दिले होते?

व्हॉयेजर-१ आता २४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. प्रकाशालाही तिथे पोहोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून जायला त्याला सुमारे ४०,००० वर्षे लागतील. तोवर सरचिटणीस कोण आणि अध्यक्ष कोण, हे कुणाला कळणार आहे? आवाज तेवढे उरतील.

नातीला म्हटलं, "कोण बोलणार ते मला नाही सांगता येत. पण जो निवडेल त्याला सांग, आधी मागच्या बाकावर बघ म्हणावं."

ती हसली आणि गवार मोडायला बसली.