काटकसरीची मोटार

स्वस्तपणाविषयी आपल्या भाषेत दोन उलट भावना एकत्र नांदताना दिसतात. वडीलधारी माणसे ‘स्वस्ताईचा काळ’ म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजात हरवलेल्या सुखाची हळहळ असते. पण तीच माणसे एखाद्या वस्तूला ‘स्वस्तातली’ म्हणतात तेव्हा नाक मुरडतात. स्वस्ताई सर्वांना हवी. स्वस्त वस्तू मात्र दुसऱ्याच्या घरी असावी, असा हा न्याय आहे. या न्यायाला आव्हान देण्याचा एक मोठा खटाटोप विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सुरू झाला. रुमानियाच्या ‘लोगन’ या मोटारीची ही हकीकत आहे, आणि तिचे एक प्रकरण आपल्या नाशकात घडलेले असल्यामुळे मराठी वाचकाला ती अगदीच परकी वाटू नये.

प्रारंभ फ्रान्समध्ये नव्हे, रशियात झाला. रेनो या फ्रेंच कंपनीचे प्रमुख लुई श्वाइत्झर हे १९९७ साली राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्याबरोबर रशियाला गेले होते. (आफ्रिकेतील लांबारेने येथे रोग्यांची सेवा करणारे आल्बर्ट श्वाइत्झर जुन्या वाचकांना आठवत असतील; लुई हे त्यांच्या पुतण्याचे चिरंजीव.) तेथे त्यांना असे दिसले की, सुमारे ६,००० डॉलरना मिळणारी जुन्या घडणीची लाडा गाडी लोक भराभर घेत आहेत आणि रेनोच्या देखण्या गाड्यांकडे किमतीमुळे कोणी फिरकत नाही. दुसरा कोणी असता तर ‘या लोकांना चांगल्याची पारख नाही’ असे म्हणून परतला असता. श्वाइत्झर यांनी उलट प्रश्न विचारला: याच किमतीत, पण आजच्या ज्ञानाने घडवलेली, भरवशाची गाडी आपल्याला का देता येऊ नये?

आता असली गाडी फ्रान्समध्ये बनणे शक्य नव्हते. तिच्यासाठी जागा सापडली ती रुमानियातील पितेश्ती शहराजवळ, मियोवेनी येथे. तेथे ‘दाचिया’ नावाचा कारखाना १९६६ सालापासून उभा होता. दाचिया हे त्या भूमीचे रोमन काळातील नाव. या कारखान्याचे रेनोशी जुने नाते होते. १९६८ साली रेनोच्याच परवान्याने तेथे पहिली गाडी तयार झाली, आणि ती हुकूमशहा चाउशेस्कु यांना भेट देण्यात आली. पुढच्याच वर्षी रेनो-१२ या गाडीची रुमानियन आवृत्ती, दाचिया १३००, बाहेर पडली आणि किरकोळ फेरफारांसह २००४ सालापर्यंत बनत राहिली. पस्तीस वर्षे एकच गाडी! कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. रुमानियातही गाडीसाठी लोक वर्षांमागून वर्षे वाट पाहत. ग्राहक रांगेत उभा असला की कारखानदाराला सुधारणेची घाई नसते, हा अनुभव दोन्ही देशांना सारखाच आला.

१९९९ साली रेनोने दाचियाचा ५१ टक्के हिस्सा विकत घेतला. नव्या मालकाने कारखान्याची झाडलोट सुरू केली, आणि अशा झाडलोटीत केरासोबत माणसेही बाहेर जातात. काही वर्षांत कामगारांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. लोगनच्या किमतीतील पहिली बचत येथेच झाली, ही गोष्ट तिच्या कौतुकात सहसा कोणी सांगत नाही.

गाडीचे कारखान्यातील सांकेतिक नाव होते एक्स-९०. नेहमीची रीत अशी की, आधी गाडी आखायची, मग तिचा खर्च काढायचा आणि त्यावर नफा चढवून किंमत ठरवायची. येथे किंमत आधी ठरली: सुमारे ५,००० युरो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्या घरोघरीचे शास्त्र. अभियंत्यांना मात्र ते नव्याने शिकावे लागले. प्रत्येक भागापुढे त्यांनी एकच प्रश्न ठेवला: याच्यावाचून गाडीचे अडेल काय?

या प्रश्नाची उत्तरे मोठी गमतीची आहेत. बाहेरचे दोन आरसे, डावा आणि उजवा, एकाच घडणीचे केले. म्हणजे एकाच साच्यात काम भागले. पुढची काच शक्य तितकी सपाट ठेवली, कारण काचेला बाक दिला की तिची किंमत चढते. चालकासमोरचा सगळा फलक एकाच ओतकामात काढला. इंजिने नवी न आखता रेनोच्या क्लिओ गाडीतील कसास उतरलेली घेतली. हाताने घडवलेल्या नमुना-गाड्यांवर जो प्रचंड खर्च होतो तो टाळण्यासाठी बहुतेक सारा आराखडा संगणकावरच पारखला. मियोवेनीत सांगाड्याचे जोडकाम यंत्रमानवांऐवजी मुख्यतः माणसांच्या हातांनी होई. तेथे यंत्रापेक्षा माणूस स्वस्त होता.

पण काय वगळले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. मागच्या बाकावर तीन मोठी माणसे नीट बसावीत इतकी रुंदी ठेवली. सामानाची पेटी ५१० लिटरची, म्हणजे कितीतरी महागड्या गाड्यांना लाजवील अशी. खडबडीत रस्ते सोसतील अशी तिची बैठक होती. ज्याच्या घरी एकच गाडी असणार आणि तिच्यातून आजीपासून बटाट्याच्या पोत्यापर्यंत सारे जाणार, अशा माणसाचा विचार तीत केलेला होता. चांगली काटकसर आणि कंजुषी यांत हाच भेद आहे. कंजूष माणूस सगळ्यातच हात आखडता घेतो. काटकसरी माणसाला कोठे आखडू नये हेही कळते.

जून २००४ मध्ये गाडी जगापुढे आली आणि सप्टेंबरात रुमानियात विकू लागली. पश्चिम युरोपच्या श्रीमंत बाजारात ती पाठवण्याचा मूळ बेत नव्हता. पण तेथूनच विचारणा होऊ लागली, आणि २००५ साली साडेसात हजार युरोंच्या आसपास ती फ्रान्समध्येही मिळू लागली. आजवर जुनी गाडी घेणारा तेथला मध्यमवर्गीय नवी कोरी लोगन घेऊ लागला. त्याच सुमारास मॉस्को, कासाब्लांका, कोलंबिया आणि पुढे इराण, ब्राझील येथेही ती बनू लागली.

आणि २००७ साली ती नाशकात आली. महिंद्र आणि रेनो यांनी ५१ आणि ४९ टक्क्यांच्या भागीदारीत येथे ती बनवायला घेतली. ऐसपैस जागा, कमी तेल पिणारे डिझेल इंजिन, मजबूत बांधा. भारतीय कुटुंबाला आणखी काय हवे होते? तरीही आरंभीचा उत्साह ओसरल्यावर तिची विक्री घसरत गेली. याची कारणे दोन.

पहिले सरकारी. २००६ सालच्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. पण ‘लहान’ कोणती, तर चार मीटरांच्या आतली आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० व डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंटिमीटरच्या आतले. लोगनचे डिझेल इंजिन या मापात बसत होते. गाडी मात्र सव्वाचार मीटर लांब, वीतभर जास्त! जी वीत रुमानियन शेतकऱ्याच्या पोत्यांसाठी मोठ्या विचाराने ठेवली होती, तीच येथे महागात पडली. टाटांनी २००८ साली आपली इंडिगो मागून आखडून चार मीटरांत बसवली, आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. लोगनच्या आखणीत एकेका पैशाचा हिशेब होता. दुसऱ्या देशाच्या अर्थमंत्र्याची फूटपट्टी त्या हिशेबात धरणे कोणालाही शक्य नव्हते.

दुसरे कारण मनाचे. आपल्याकडे पाठीमागे पेटी असलेली गाडी घेणे म्हणजे संसारात एक पायरी वर चढणे. वर चढलेल्या माणसाला आपण वर चढलो हे शेजाऱ्यांना दिसावे असे वाटते. लोगनचा साधा, चौकोनी चेहरा काटकसर लपवीत नव्हता, आणि हेच तिचे पाप ठरले. तिची कदर केली ती टॅक्सीवाल्यांनी. दिवसाचा हिशेब रात्री मांडणाऱ्या त्या माणसांना तिचा अर्थ बरोबर कळला. २०१० साली रेनोचा वाटा महिंद्रांनी घेतला, २०११ साली गाडीचे ‘व्हेरिटो’ असे नाव झाले, २०१३ साली तिची चार मीटरांत बसणारी बहीण आणि २०१६ साली विजेवर चालणारी आवृत्ती निघाली. आता ती बनत नाही.

मियोवेनीत मात्र याच सुमारास एक वेगळाच हिशेब मांडला जात होता. १ जानेवारी २००७ रोजी रुमानिया युरोपीय संघात गेला. हजारो तरुण इटली-स्पेनची वाट धरू लागले आणि मागे राहिलेल्यांना आपल्या श्रमाचे मोल कळू लागले. मार्च २००८ मध्ये दाचियाच्या कामगारांनी संप पुकारला. तो सुमारे तीन आठवडे चालला, फ्रान्समधील कामगार संघटनांनी त्याला पाठिंबा दिला, आणि कामगारांनी चांगली वेतनवाढ मिळवली. जगातली सर्वांत चतुर स्वस्त गाडी घडवणारे हात स्वस्त राहायला तयार नव्हते. कंपनीने पुढे मोरोक्कोत टांजियरजवळ नवा मोठा कारखाना काढला, तो २०१२ साली सुरू झाला. मियोवेनी बंद पडले नाही. पण स्वस्त श्रमाच्या शोधात कारखानदार कोणती दिशा धरतो, ते त्यावरून दिसले.

रशियात तर इतिहासाने वर्तुळच पुरे केले. ज्या लाडाने श्वाइत्झर यांना विचारात पाडले, तिच्या कंपनीतला २५ टक्के हिस्सा रेनोने २००८ साली घेतला, आणि २०१२ साली लोगनचीच मोठी आवृत्ती ‘लाडा लार्गुस’ या नावाने बाहेर पडली. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली रेनोला रशियातून पाय काढावा लागला. मॉस्कोचा कारखाना तिने नगरपालिकेला एका रूबलमध्ये दिला. लार्गुस मात्र मागे राहिली.

या साऱ्या हकीकतीवरून स्वस्ताईचे दोन झरे स्पष्ट दिसतात. एक बुद्धीचा: एका साच्यात दोन आरसे. तो आटत नाही; उद्या दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या देशातही तो वाहील. दुसरा माणसाच्या गरजूपणाचा. तो लोकांचे दिवस पालटले की आटतो, आणि आटलाच पाहिजे. लोगनच्या किमतीत या दोन्ही झऱ्यांचे पाणी एकत्र होते, म्हणून त्यातले किती कोठले हे तिच्या खरेदीदाराला कळले नाही. मियोवेनीच्या कामगाराला ते ठाऊक होते; त्याच्या घरच्या हिशेबाच्या वहीत ते दर महिन्याला लिहिले जात होते.