दुबार नोंदींचा इतिहास : कार्डांपासून मॅक्रोपर्यंत

१/ स्प्रेडशीटमधील दुबार ओळी काढून टाकण्याचे काम आज एका बटणावर होते. मात्र ‘या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत’ हे ठरवायचे कसे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. त्याचे उत्तर चुकले, तर माणसाचा मतदानाचा हक्कही धोक्यात येऊ शकतो. त्या प्रश्नाचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ १९१८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांना एका पद्धतीचे पेटंट मिळाले. नावे स्पेलिंगनुसार न लावता उच्चारानुसार लावावीत, ही तिची कल्पना. तीच पुढे ‘साउंडेक्स’ म्हणून रूढ झाली. तिच्या प्रचलित रूपात आडनावाचे पहिले अक्षर कायम राहते, स्वर गळतात आणि उरलेल्या व्यंजनांना अंक मिळतात. ‘स्मिथ’ हे आडनाव ‘आय’ने लिहिले काय किंवा ‘वाय’ने लिहिले काय, संकेत एकच : एस ५३०.

३/ या पद्धतीची खरी गरज १९३५ नंतर भासली. सामाजिक सुरक्षा कायद्यामुळे वृद्धांना निवृत्तिवेतन मिळणार होते. पण वय सिद्ध करायला अनेकांपाशी जन्मदाखलाच नव्हता. पुरावा होता तो जुन्या जनगणनेत. म्हणून १८८० च्या जनगणनेतील, १० वर्षांपर्यंतची मुले असलेल्या कुटुंबांची साउंडेक्स कार्डे तयार करण्यात आली. ती मुले १९३५ मध्ये ५५ ते ६५ वर्षांची होणार होती.

४/ १९४६ मध्ये हॅल्बर्ट डन यांनी या कामाला ‘रेकॉर्ड लिंकेज’ असे नाव दिले. प्रत्येक माणसाचे एक जीवनपुस्तक असते. त्याचे पहिले पान जन्माची नोंद, शेवटचे पान मृत्यूची. विखुरलेली पाने एकत्र बांधणे म्हणजे हे काम, अशी त्यांची मांडणी होती.

५/ ती पाने यंत्राने जुळवली कॅनडाचे आनुवंशशास्त्रज्ञ हॉवर्ड न्यूकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९५९ मध्ये त्यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील जन्म आणि विवाहांच्या नोंदी संगणकाद्वारे जोडून दाखवल्या. त्यामागचे सूत्र साधे होते : दुर्मीळ आडनाव जुळले तर ते भक्कम साक्ष, सर्वत्र आढळणारे आडनाव जुळले तर ती दुबळी साक्ष.

६/ १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी याला गणिती सिद्धांताचे रूप दिले. त्यांच्या सिद्धांतात निर्णय दोन नव्हते, तीन होते : ‘एकच’, ‘वेगळे’ आणि ‘कदाचित’. तिसऱ्या गटातील नोंदी माणसाने डोळ्यांखालून घालाव्यात, असे त्यात अभिप्रेत होते. हा ‘कदाचित’ लक्षात ठेवावा.

७/ आता स्प्रेडशीटकडे. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आले, १९८३ मध्ये लोटस १-२-३. वारंवार करावे लागणारे काम एकदा लिहून ठेवायचे आणि हवे तेव्हा चालवायचे, ही मॅक्रोची सोय लोटसमुळे कचेऱ्यांमध्ये पोहोचली. १९९३ मध्ये एक्सेलला व्हीबीए ही भाषा लाभली आणि कारकुनाच्या टेबलावर प्रोग्रॅमिंग अवतरले.

८/ दुबार ओळी काढणारा जुन्या पद्धतीचा मॅक्रो असा चाले : आधी यादी क्रमाने लावायची, मग प्रत्येक ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहायची, सारखी असेल तर काढायची. मात्र हे सर्व तळापासून वर. वरून खाली गेल्यास पाचवी ओळ काढताच सहावी तिच्या जागी सरकते, मॅक्रो पुढच्या ओळीकडे जातो आणि सरकलेली ओळ तपासायची राहून जाते.

९/ २००७ च्या एक्सेलमध्ये याच कामासाठी स्वतंत्र बटण आले. कोणते स्तंभ ताडून पाहायचे, एवढे ते विचारते. पहिली ओळ ठेवते, बाकीच्या काढते. शब्दाच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली तरी त्याच्या लेखी नाव वेगळे. उलट केवळ नाव आणि जन्मतारीख निवडली, तर दोन भिन्न माणसे एक ठरतात. फेलेगी-संटर यांचा ‘कदाचित’ इथे उरलेलाच नाही.

१०/ याचे परिणाम मतदारयाद्यांत दिसले. अमेरिकेतील कॅन्सस राज्याने चालवलेल्या ‘क्रॉसचेक’ या उपक्रमात अनेक राज्यांच्या याद्या नाव, आडनाव आणि जन्मतारीख यांवरून ताडल्या जात. पण लाखोंच्या यादीत तेच नाव आणि तीच जन्मतारीख असलेली दोन माणसे सहज सापडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शरद गोयल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, या उपक्रमाने सुचवलेली एक पद्धत वापरली असती, तर दुबार मतदानाला वापरलेल्या एका नोंदीमागे वैध वाटणाऱ्या मतदानाच्या सुमारे ३०० नोंदी कापल्या गेल्या असत्या. त्याआधीच, २०१९ मध्ये, न्यायालयीन तडजोडीनंतर क्रॉसचेक थांबले होते.

११/ दुबार नोंद ही खरीच अडचण आहे. ती दूर केलीच पाहिजे. परंतु यंत्र केवळ ओळ पुसते. कोणते स्तंभ जुळले म्हणजे माणूस एकच, हा निर्णय मॅक्रो चालण्यापूर्वी कोणीतरी घेतलेला असतो. म्हणून मूळ यादीची प्रत जपावी, संशयित ओळी आधी केवळ खूण करून ठेवाव्यात आणि पुसण्यापूर्वी माणसाने त्या पाहाव्यात. १९६९ चा ‘कदाचित’ हेच सांगत होता.

(समाप्त)