सीईटी लेकराची, धावपळ घरच्यांची : बारावीनंतरच्या प्रवेशासाठी पालकांनी नेमकं काय करायचं?

नामपूर (ता. बागलाण) : मोसम खोऱ्यात उन्हाळ कांद्याची काढणी आणि बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षा एकाच हंगामात येतात. मार्च ते मेमध्ये वावरात कांदा आणि घरात सीईटीची पुस्तकं. पुढे जून-जुलैत एकीकडे पेरणी, दुसरीकडे ॲडमिशनच्या फेऱ्या. या गडबडीत "आपल्याला फिजिक्स-केमिस्ट्री येत नाही, मग पोराला काय मदत करणार?" असं अनेक आई-वडिलांना वाटतं.

खरं तर पेपर सोडवण्यापलीकडची बरीचशी कामं पालकांचीच आहेत. दाखले काढणं, फेऱ्यांच्या तारखा पाळणं, फीचा हिशोब मांडणं आणि घरातलं वातावरण शांत ठेवणं. मुलानं चांगले गुण आणले आणि घरच्यांकडून एक दाखला राहिला, तर हाताशी आलेली जागा जाते. म्हणून ही माहिती मुलांपेक्षा पालकांनी जास्त नीट वाचावी.

कोणत्या शिक्षणाला कोणती परीक्षा?

- इंजिनीअरिंग : एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). आयआयटी, एनआयटीसाठी जेईई.
- बी. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्री : सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी गट.
- एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीय पदवी : नीट.
- बीएस्सी नर्सिंग, पाच वर्षांचा लॉ, बीबीए-बीसीए : या प्रत्येकाची राज्याची वेगळी सीईटी आहे. फॉर्मही वेगळा भरावा लागतो. बीबीए-बीसीएला २०२४ पासून सीईटी लागू झाली.
- साधी बीए, बीकॉम, बीएस्सी : सहसा बारावीच्या गुणांवर थेट कॉलेजात प्रवेश.

एमएचटी-सीईटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष म्हणजे सीईटी सेल घेतो. ही परीक्षा कॉम्प्युटरवर होते, एकूण गुण २०० आणि वेळ तीन तास. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. नीटमध्ये मात्र ७२० गुणांच्या पेपरात बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. तिथे अंदाजपंचे ठोकणं महागात पडतं.

मराठी माध्यमाच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्न मराठीतही मिळतात, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येते. भाषा फॉर्म भरतानाच निवडायची असते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे

इथे बहुतेक घरांत गैरसमज होतो. सीईटीत ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या १०० पैकी साधारण ९० मुलं तुमच्या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे आहेत आणि १० पुढे, एवढाच त्याचा अर्थ. राज्यात लाखो मुलं परीक्षेला बसतात. त्यामुळे ९० पर्सेंटाइल असूनही पुढे हजारो मुलं असू शकतात. म्हणून पर्सेंटाइल ऐकून पेढे वाटण्याआधी किंवा रागावण्याआधी मेरिट नंबर बघा. कॉलेज कोणतं मिळेल हे त्यावरून कळतं.

आणि सीईटी आहे म्हणून बारावीकडे दुर्लक्ष नको. इंजिनीअरिंगला खुल्या गटासाठी बारावीत ठरलेल्या विषयांत ४५ टक्के, राखीव गटांसाठी ४० टक्के गुण लागतात. नीटवाल्यांना खुल्या गटात ५० टक्के, राखीव गटात ४० टक्के. तेवढे नसतील तर प्रवेश परीक्षेतले गुण असूनही उपयोग नाही.

दाखले : अकरावीतच सुरुवात करा

निकाल लागल्यावर सेतू केंद्रावर, तहसीलला गर्दी उसळते. सर्व्हर चालत नाही आणि तारीख निघून जाते. म्हणून ही यादी भिंतीवर लावून ठेवा :

- जात प्रमाणपत्र आणि जात वैधता (व्हॅलिडिटी) : राखीव जागेसाठी दोन्ही लागतात. व्हॅलिडिटीला सगळ्यात जास्त वेळ जातो. अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत ऑनलाइन अर्ज करा. जुने पुरावे लागतात : एससीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली उतारा शोधून ठेवा. वडील किंवा सख्ख्या चुलत्यांची व्हॅलिडिटी असेल तर काम बरंच सोपं होतं.
- नॉन-क्रीमीलेअर : ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी. याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या वर्षात चालणारा दाखला हवा, जुना चालत नाही.
- ईडब्ल्यूएस : ज्यांना इतर आरक्षण नाही आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातला दाखला काढा.
- उत्पन्नाचा दाखला : तहसीलदारांचा. फी सवलत आणि शिष्यवृत्तीसाठी.
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास (डोमिसाइल) दाखला.
- आधार : नाव, जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रकाशी जुळते का ते बघा. वडिलांच्या नावातल्या एका अक्षराचा फरकही अडवतो.

दाखला हातात नसेल तर काही वेळा अर्जाची पावती तात्पुरती चालते. पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ दाखला दिला नाही तर मुलगा खुल्या गटात टाकला जातो आणि राखीव जागा जाते.

परीक्षेच्या महिन्यात घर कसं असावं?

कांदा काढणीला माणसं मिळत नाहीत, हे खरं. तरी परीक्षेच्या आधीचा महिना-दीड महिना पोराला, आणि विशेषतः पोरीला, कामातून मोकळं करा. अनेक घरांत मुलगा अभ्यासाला बसतो आणि मुलगी भाकरी थापून, धुणं उरकून मग पुस्तक उघडते. परीक्षा दोघांचीही सारखीच असते.

दिवसा लाइट नसेल, रात्री मोटर धरायची असेल, तर ते काम दुसऱ्या कुणाकडे द्या. झोप मोडून दिलेला पेपर बिघडतो.

केंद्र नाशिकला किंवा धुळ्याला आलं आणि सकाळची शिफ्ट असेल तर आदल्या दिवशीच जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करा. सकाळचा पेपर नऊला असला तरी आत जाण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधीची असते. उशीर झाला की गेट बंद. हॉल तिकिटाच्या दोन प्रिंट आणि मूळ ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा.

पेपर देऊन आलेल्या मुलाला "किती सुटले?" हा पहिला प्रश्न विचारू नका. आधी जेवू घाला. शेजारच्याच्या पोराशी, मामाच्या पोरीशी तुलना तर अजिबात नको. २०२६ पासून पीसीएम आणि पीसीबीची सीईटी दोनदा घेण्याचं ठरलं. दोन्ही दिल्या तर त्यातला चांगला पर्सेंटाइल धरायचा. त्यामुळे एक पेपर बिघडला म्हणजे वर्ष गेलं असं समजू नका.

कॉलेज निवडताना

आपल्या भागासाठी महत्त्वाचा मुद्दा म्हणजे 'होम युनिव्हर्सिटी'. इंजिनीअरिंगसारख्या प्रवेशात बऱ्याच कॉलेजांतल्या जागांचा मोठा वाटा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी असतो. ही हद्द साधारणपणे बारावी कुठून पास झाली यावर ठरते, घर कुठे आहे यावर नाही. नामपूर, सटाणा, मालेगाव, नाशिक इथून बारावी केली तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. धुळ्यातून केली तर जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ. लातूरला जाऊन केली तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. म्हणजे पुणे-नाशिकचं कॉलेज हवं असेल तर अकरावीला नाव कुठे घालायचं, याचा विचार दहावीनंतरच करायला हवा. मेडिकलला असा विभागवार कोटा २०२० मध्ये रद्द झाला.

कॉलेज बघायला जाल तेव्हा चकचकीत बिल्डिंग आणि गेटवरचे फ्लेक्स बाजूला ठेवून हे विचारा :

१. शिक्षण शुल्क किती, डेव्हलपमेंट फी किती? शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी त्यांच्या वेबसाइटवर असते, ती जुळवून बघा.
२. होस्टेल आणि मेसचा वर्षाचा खर्च किती? बऱ्याचदा तो फीच्या बरोबरीला जातो.
३. गेल्या वर्षी याच ब्रँचमध्ये किती जणांना नोकरी लागली, कोणत्या कंपनीत? एकट्या पहिल्या आलेल्याचं पॅकेज ऐकून घेऊ नका.
४. सध्या तिथे शिकणारी आपल्या गावाकडची मुलं काय सांगतात? त्यांच्याशी दहा मिनिटं बोललात तर माहितीपत्रकात नसलेलंही कळतं.

शेती असलेल्यांनी कृषी पदवीही गांभीर्याने बघावी. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आहे आणि धुळ्यातलं कृषी महाविद्यालय त्याच विद्यापीठाचं आहे. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज जळगाव, छत्रपती संभाजीनगर, पुण्याला आहेत. सरकारी मेडिकल कॉलेज धुळे, जळगाव, नंदुरबारला आहेत.

कॅप फेरी : पसंतीक्रम हाच खरा निर्णय

सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, ऑनलाइन होते. आधी नोंदणी, मग कागदपत्रांची तपासणी. नंतर तात्पुरती मेरिट लिस्ट लागते, त्यात चूक असेल तर तेव्हाच हरकत घ्यायची. त्यानंतर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा.

२०२५-२६ च्या इंजिनीअरिंग प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घेणं बंधनकारक होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी लागलं तरी तसंच. म्हणून पहिल्या नंबरावर 'बघू तर काय होतं' म्हणून काहीही टाकू नका. जिथे खरंच जायचं आहे तेच वर टाका. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या वेबसाइटवरून उतरवून वाचा.

क्रम भरताना मुलाला शेजारी बसवा आणि शेवटचा शब्द त्याचा ठेवा. कॉम्प्युटर घ्यायचं की सिव्हिल, हे चार वर्षं त्याला शिकायचं आहे. लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबर मात्र घरातलाच ठेवा. कॅफेवाल्याच्या नंबरावर फॉर्म भरला तर मेसेज त्यालाच जातात.

फी : काय माफ, काय नाही

- मुली : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.
- मुलं : राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्नाला ५० टक्के सवलत. एससी, एसटी, व्हीजेएनटीसाठी वेगळ्या योजना आहेत.
- टीएफडब्ल्यूएस : गुणवान मुलांसाठी कॉलेजात ५ टक्के जादा जागा, शिक्षण शुल्क माफ. पण त्यासाठी पसंतीक्रमात वेगळा कोड टाकावा लागतो.
- डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता : अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा, बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. सवलत कॅपमधून मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर पूर्ण फी खिशातून. होस्टेल, मेस, पुस्तकं माफ होत नाहीत, त्याची तजवीज वेगळी करा. चाळीतला कांदा कधी विकायचा हे ठरवताना जुलै-ऑगस्टची फीही धरा. भाव पडलेला असताना फीसाठी घाईने माल काढण्यापेक्षा आधीच बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी केलेली बरी. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही.

एजंटपासून सावध

"साहेब ओळखीचे आहेत, सीट बुक करून टाकू" असे फोन निकालानंतर येतातच. कॅपची जागा मेरिटनेच मिळते, पैशाने नाही. डोनेशन घेण्यावर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. मूळ दाखले कुणाकडे 'ठेवायला' देऊ नका. कॉलेजलाही तपासून मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत. ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून फी परत मिळते.

आणि गुण कमी आले तर?

तर जग बुडत नाही. फार्मसी, ॲग्री, नर्सिंग, बीएस्सी, बीसीए अशा वाटा खुल्या असतात. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर एक वर्ष, किती खर्च आणि पुढचा पर्याय काय, हे तिघांनी बसून आधीच ठरवा.

पण पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, कुणाशी बोलत नसेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन पालकांनीही करायला हरकत नाही.

कांद्याला भाव एखाद्या वर्षी मिळत नाही, तरी आपण पुढच्या वर्षी रोप टाकतोच. एका परीक्षेत मागे राहिलेल्या लेकरालाही घरच्यांकडून तेवढा भरवसा मिळायला हवा.